वणव्याकडे सगळ्यांत आधी धावलेल्या दादाला

दादा,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. माणसं जेवून गेली, सतरंज्या झटकून झाल्या, आणि मी अजून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेच आहे. रंजनावहिनी म्हणाली, "वन्सं, आता तरी पुरं करा. माणूस गेलं." मी म्हटलं, वाद अर्धा टाकून उठून जायची खोड त्याची, माझी नाही. ती थोडीशी हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल, म्हणून तुला सांगितलं.

काल त्या कार्यक्रमात एक गोष्ट घडली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, पण थेट तिच्यावर येणं जमत नाहीये. कोर्टात मी कुणाची भीडभाड ठेवत नाही, हे तुला ठाऊक आहे. घरच्या गोष्टीला मात्र माझी जीभ जड होते. तेव्हा जरा दम धर.

नात्यानं तू चुलत भाऊ. पण मला सख्खा भाऊ नव्हता आणि तुला सख्खी बहीण नव्हती, म्हणून आपण कधी त्या 'चुलत'चा उच्चार केला नाही. कॉलेजला जायला मला पौडची एसटी धरावी लागायची, आणि पावसात वस्तीवरून फाट्यापर्यंत चिखल तुडवत तू मला सायकलवर बसवून न्यायचास. बसवून म्हणजे काय, चढावर मी सायकल ढकलायची आणि तू माझं दप्तर डोक्यावर धरायचास. वस्तीत कुणी म्हणालं, पोरीला कशाला एवढं शिकवताय, तर तू म्हणालास, "ती भांडती लई. फुकट भांडण्यापरीस वकील होऊन भांडू द्या." माझ्या शिक्षणाबद्दल आपल्या घराण्यात झालेलं हे सगळ्यांत लांब भाषण. त्याच्या जोरावर मी काळा कोट घातला. आणि त्या कोटाची घडी नीट मोडायच्या आत तुझाच खटला माझ्या हातात आला.

त्या दिवसाबद्दल मी कोर्टात इतक्या वेळा बोलले आहे की आता माझं मलाच ते पाठांतर वाटतं. तुला वेगळं सांगायला नको, पण एकदा माझ्या शब्दांत ऐक, जजसाहेबांसमोर बोलायच्या शब्दांत नाही.

सकाळी तू राब भाजला होतास. राब म्हणजे काय, हे मला पुण्यातल्या सरकारी वकिलांना समजावून सांगावं लागलं होतं. भाताचं रोप टाकायचं ती जमीन आधी भाजतात. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरायच्या, वर मातीचा हात द्यायचा आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. मग आग पळत नाही, बसल्या जागी धुमसते. तुझा राब दुपारपर्यंत विझून राख झाला होता. तू घरी भाकरी खायला बसला होतास. वहिनीनं ताटात कालवण वाढलं आणि तू दारातून वर बघितलंस, तर शहरातल्या लोकांनी बांधलेल्या बंगल्यांच्या मागच्या डोंगराला धूर.

आपल्याकडे वणव्याला जायला कुणी बोलवावं लागत नसे. ज्याला धूर आधी दिसेल त्यानं हाळी द्यायची, वाटेत ओला डहाळा तोडायचा आणि चढायला लागायचं. बाकीचे मागून येतात. सगळ्यांनी मिळून डहाळ्यांनी आग झोडपायची. हे आपल्या आजोबांनी केलं, त्यांच्या बापानं केलं. कोण पहिला पोचला आणि कोण शेवटी, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. त्या दिवशी पहिला तू होतास. एवढंच तू केलंस.

वर पांडूतात्या होते. बंगल्यांची ती जमीन मूळची त्यांचीच. ती विकली आणि मग तिच्याच राखणीला वॉचमन म्हणून लागले. दुपारचे खोपीत आडवे झाले होते आणि खोपीला गवताचं छप्पर. तू त्यांना ओढून बाहेर काढलंस, पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणलंस. पर्यटकांची एक गाडी थांबवलीस. दवाखान्यात पोचायच्या आत तात्या गेले. तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते, ते तुला संध्याकाळी कुणीतरी दाखवल्यावर कळलं.

आणि त्याच हातांवरून पोलिसांनी तुला धरलं.

"हात कशानं भाजले?"

"आग इझवताना, सायेब."

"इझवणाऱ्याचे भाजतात व्हय रे? लावणाऱ्याचे भाजतात."

हे तू मला कितीदा सांगितलंस, आणि दर वेळी तो साहेब जसा हसला तसं हसून दाखवलंस. त्यांना कारण शोधायलाही लांब जावं लागलं नाही. बंगलेवाल्यांनी आपल्या वस्तीची शेताकडे जाणारी वाट तारेचं कुंपण घालून बंद केली होती, आणि त्याविरुद्ध तहसीलला अर्ज तू दिला होतास. सकाळी आग लावताना तुला चार माणसांनी पाहिलं होतं. ती आग राबाची होती, हे चौघांनाही माहीत होतं. पण त्यांना विचारलं फक्त एवढंच, की बबननं त्या दिवशी जाळ केला होता का. ते म्हणाले, केला होता. वणव्यापाशी तुमच्या आधी कोण होतं? बबन होता. सगळं खरं. आपल्या गावात त्या दिवशी कुणी खोटं बोललं नाही, दादा, आणि तू आत गेलास.

तुझी हाळी ऐकूनच ती माणसं वर आली होती. जबाबात मात्र हाळीचा शब्द कुणीच काढला नव्हता. मी एकाला गाठून विचारलंच. तो खाली मान घालून म्हणाला, "आमी मागनं गेलो, ताई. आदी काय झालं ते आमी कसं सांगावं? उद्या आमालाच धरलं तर?" माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. तू मला गप्प केलंस. जाळीच्या पलीकडून म्हणालास, "त्येला बोलू नकोस. त्येच्या लेकीचं लगीन ठरलंय." तुरुंगात बसून लोकांच्या लेकींच्या लग्नाची काळजी तूच करू जाणे.

जामीन मिळेपर्यंत भाताच्या दोन लावण्या तुझ्याविना झाल्या. खटला त्याहून लांबला. आणि त्या खटल्यातला एक दिवस असा आहे, ज्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. सुमनकाकू, तात्यांची बायको, साक्षीला उभी राहिली तो दिवस. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट. तुझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यानंच केलं. दुसरं कोन करल?" मी उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला. काकू, तुम्ही स्वतः बघितलंत का? ती म्हणाली, न्हाई. मी खाली बसले. वकील म्हणून त्याहून चांगला प्रश्न मला आजवर सुचलेला नाही. मागे वळून बघितलं तर आरोपीच्या पिंजऱ्यात तू रडत होतास. मला वाटलं, सुटकेच्या आशेनं रडतोयस.

तू सुटलास. निकाल वाचून मी तुला मराठीत सांगितलं, संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. मला केवढा आनंद झाला होता! तू विचारलंस, "म्हंजी संशय हायेच का?" मी म्हटलं, अरे कायद्याची भाषा आहे ती, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच असतो, तू आधीही निर्दोष होतास आणि आताही आहेस. तू कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणालास, "हे तू हितं सांगतीस. एसटीत सांग की."

तेव्हा मला तुझा राग आला होता. इतकं करून याचं समाधानच नाही, असं वाटलं. मग एकदा तुझ्याबरोबर एसटीत बसले. माले गावाच्या पुढच्या थांब्यावर दोन बायका चढल्या, तुला बघितलं आणि त्यांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, टोमणा नाही. नुसत्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. तू खिडकीतून धरणाचं पाणी बघत बसलास. मी काय सांगणार होते त्या बायकांना? निकालपत्र वाचून दाखवणार होते?

लावणीचंही तसंच झालं. आपल्याकडे सावड असते, आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. तू सगळ्यांच्या खाचरात गेलास. तुझ्या खाचराच्या दिवशी कुणाची कंबर धरली, कुणाला पुण्याला जायचं होतं, कुणाचा पाव्हणा आला. कुणीही 'येणार नाही' असं म्हणालं नाही. तू आणि वहिनी दोघांनीच वाकून वाकून रोप लावलंत. मी शनिवारी आले तेव्हा वहिनीला सरळ उभं राहता येत नव्हतं. मी आवाज चढवून म्हटलं, मानहानीचा दावा ठोकते एकेकावर. तू पायाचा चिखल काढत म्हणालास, "लावणीला आलं न्हाई म्हनून दावा? कंच्या कलमात बसतंय ते?" मला कलम सापडलं नाही, दादा. आजही सापडलेलं नाही.

पण तुला गाव नकोच होतं खरं म्हणजे. गावाचं तू सोसलंस. तुला एकच माणूस हवं होतं. सुमनकाकूनं एकदा तुझ्याकडे बघून म्हणावं, की बबन, तू न्हाई केलंस. बस. त्यासाठी तू काय काय केलंस! तिच्या घरावरून जाताना पावलं हळू करायचास. एकदा धीर करून दारात गेलास, तर तिनं काही न बोलता दार लावून घेतलं. मला येऊन सांगितलंस, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं शाले. दार असं लावलं, जसं वारं आल्यावर लावत्यात."

तू मला म्हणायचास, तू जा, तू शिकलेली आहेस, तिला समजावून सांग. मी जात नव्हते. मी म्हणायचे, तू निर्दोष आहेस हे सिद्ध करायची जबाबदारी तुझी नाही. तू कुणाच्या दारात उभा राहायचं नाहीस. ज्यांनी आरोप केला त्यांनी सिद्ध करायचं, आणि त्यांना जमलेलं नाही. यावर आपण किती भांडलो! तुझ्या अंगणात, माझ्या ऑफिसात, फोनवर. मी आजही माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. माणसानं आपल्या निरपराधपणाची भीक मागत दारोदार हिंडायचं, तर मग कोर्टं कशाला बांधली? तू हे सगळं ऐकून घ्यायचास आणि शेवटी म्हणायचास, "तुझं बराबर हाय. पन तिचा नवरा माज्या पाठीवर होता."

यावर मी फोन ठेवायचे.

आणि मग ते वर्ष, पुन्हा डोंगर पेटला ते. मी योगायोगानं वस्तीवरच होते. धूर वर चढताना सगळ्यांना दिसत होता. लोक ओट्यावर उभे होते, पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. कुणी म्हणालं, पोलिसांना कळवा आधी. कुणी आपल्या पोराला म्हणालं, तू नको पुढं होऊस, उगंच नाव येईल. हाळी कुणी दिली नाही. अख्खं गाव एकमेकांची वाट बघत होतं, की दुसरा कुणीतरी पहिला होऊ दे. तू दाराच्या चौकटीला टेकून बसला होतास, दोन्ही हात काखेत घालून. वहिनी तुझ्याकडे बघत होती. तू उठला नाहीस. डोंगर रात्रीपर्यंत जळला. माणूस कुणी गेलं नाही, पण जनावरांचा चारा गेला, करवंदीच्या जाळ्या गेल्या, मोहाची दोन मोठी झाडं गेली. दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालास, "मी उठलोच न्हाई, शाले. मला आत टाकलं तवा बी येवढं वाईट वाटलं न्हवतं." तुझा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला तिथं तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

आणखी एक आहे. ते तू फार उशिरा बोललास, या दिवाळीला. आपण ओसरीवर शेंगा सोलत होतो. तू सहज विचारावं तसं विचारलंस, "तू मला कदी इचारलंच न्हाईस."

"काय?"

"मी लावली का म्हनून."

मी म्हटलं, वेडा आहेस का, मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. विचारायचं म्हणजे तुझ्यावर शंका घ्यायची. तू शेंगेचं टरफल फोडत राहिलास. मग म्हणालास, "पोलिसांनी न इचारता धरलं, तू न इचारता सोडवलंस. मला कुनी तरी इचारायला पायजे हुतं. म्हंजी मी न्हाई म्हनालो असतो."

मी तेव्हा भांडले. विश्वास होता म्हणून विचारलं नाही, याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं हवं तुला, असं बरंच काही बोलले. तू हसून विषय बदललास. आता वाद माझ्या बाजूनं अर्धाच राहिलाय आणि तू उठून गेलास. ताप अंगावर काढलास, खोकला लपवलास, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मी पोचले तेव्हा तुझे हात चादरीवर होते, ते जुने भाजल्याचे चट्टे पांढरे पडलेले. मी त्यांच्यावर माझा हात ठेवला. तू शुद्धीवर नव्हतास.

आता कालचं सांगते.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. वस्तीतले बोलले, गावातलेही बरेच आले होते. मेलेल्या माणसाकडे यायला लोकांना अडचण नसते. सरपंच म्हणाले, "झालं गेलं समदं इसरून जाऊ. बबन कसा का असंना, आपल्या गावचा हुता." कसा का असेना! मी उठणार होते. वहिनीनं माझा पदर धरून खाली बसवलं.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी हालचाल झाली. सुमनकाकू. आपल्या वस्तीवर ती याआधी कधी आली होती, मला आठवत नाही. थकलीये आता. नातीचा हात धरून आली. सगळे बाजूला झाले. तिनं फोटोपुढं फूल ठेवलं आणि वहिनीकडे वळली.

"पोरी," ती म्हणाली, "मी त्येला माफ केलं. माज्या मनात आता काय न्हाई. त्येच्या जिवाला शांती मिळू दे."

मांडवात केवढी कुजबुज झाली! मोठं मन, मोठं मन. सरपंचांनी हात जोडले. एक बाई डोळे पुसायला लागली. इतकी वर्षं तू जिच्या एका शब्दासाठी झुरलास, ती तुझ्या दारात आली आणि तिनं तुला माफ केलं. न केलेल्या गोष्टीची माफी, आणि ती घ्यायलाही तू नाहीस. माझ्याजवळ होते ते शब्द सगळे कायद्याचे होते, दादा.

वहिनी उठली. ती माणसांत कधी तोंड उघडत नाही, हे तू जाणतोस. खटल्याच्या एवढ्या तारखांना आली, कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहिली, पण माझ्याशीसुद्धा कधी त्यावर बोलली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून ती काकूजवळ गेली, वाकून पाया पडली, आणि उभी राहून म्हणाली,

"काकू, तुमी आलात, लई मोटं काम केलंत. पन ही माफी आमची न्हाई. ती घरी घिऊन जा. ज्यानं आग लावली त्यो कवा घावला, तर त्येला द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं रंजना, येळ काय, बोलतीस काय." वहिनीनं तिकडे पाहिलं नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता.

मला वाटलं, काकू आता तशीच निघून जाणार. नात तिचा हात ओढायला लागली होती. पण काकू गेली नाही. ती वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तुझ्या फोटोकडे. मग गुडघ्यावर हात टेकून हळूच सतरंजीच्या कडेला खाली बसली. बसून राहिली. जेवणाची पंगत उठायला लागली तरी बसून होती. वहिनीनं तिला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. तो तिनं घेतला, प्यायली.

मग तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी शेजारी बसले. तिनं माझा हात धरला. ज्या बाईला मी भर कोर्टात एका प्रश्नानं गप्प केलं होतं, तिनं मला विचारलं,

"वकीलबाई, मग लावली कुनी?"

मी तिला म्हटलं, "ते कुणी शोधलंच नाही, काकू. दादा सापडला होता ना."